कण्या पारखणारी पंचफुला

समजा, तुमच्यापुढं ज्वारीच्या कण्यांचं गाडगं आहे. वरच्या कण्या घेऊ नका, त्या फसवतात. हात तळाशी घाला. चिमूटभर कण्या तळहातावर चोळा, तोंडाची वाफ द्या आणि वास घ्या. मग जिभेवर ठेवून थांबा. कडुलिंबाच्या पाल्याचा कडूपणा लगेच कळतो आणि विरतो. खवटपणा उशिरा येतो, घशाशी, आणि तिथंच बसून राहतो.

हे मला बाळापूरजवळच्या एका खेड्यात पंचफुलानं शिकवलं. धान्य साठवणीचं शिक्षण घेतल्यावर १९६१ साली माझी तिथं नेमणूक झाली होती. अख्खी ज्वारी पाला घालून वर्षभर टिकते. भरडली की दाण्यातला तेलकट अंकुर उघडा पडतो आणि पावसाळ्यात महिनाभरात कण्या खवटतात. मला हे पुस्तकातून माहीत होतं, तिला जिभेनं.

नवरा वारलेला, मूलबाळ नाही. पंचफुला एकटीच राहायची. गल्लीतल्या बाया पदराला कण्या बांधून पारखायला आणायच्या. पारख क्षणाची, बसणं तासाभराचं. सगळ्यांत जास्त यायची शेजारची मैना.

त्या वर्षी पोळ्याच्या सुमारास पंचफुलाला ताप आला आणि उतरताना चव आणि वास दोन्ही घेऊन गेला. तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर बाया कशाला आल्या असत्या?

आठवड्यानं मैना आली. "मावशी, कडू लागून राहिल्या व ह्या. उद्या निंदनाच्या बायाइले घालाच्या हायेत. पाहा बरं."

पंचफुलानं कण्या जिभेवर ठेवल्या. वाळू चघळावी तसं लागलं. एवढ्यात तिला कण्यांत लिंबाचं वाळकं पान दिसलं. मैनेनं अख्ख्या ज्वारीसारखा कण्यांतही पाला घातला होता.

"लिंबाचा कडूपना हाय," ती म्हणाली. "धू अन् शिजव बिनधास्त."

दुसऱ्या दिवशी वावरात बायांनी पहिलाच घास थुंकला; कण्या खवट होत्या. "काव मैना, बैलाइच्या कण्या चुकून आमाले आनल्या काय?" सगळ्या हसल्या. मैना सोडून.

संध्याकाळी ती पंचफुलाच्या दारातच उभी राहिली. "कळत नव्हतं तं सांगाचं होतं, मावशी. मी काय मारलं असतं तुमाले?"

त्यानंतर ती आली नाही. हळूहळू बाकीच्याही थांबल्या.

हे सगळं पंचफुलानंच मला दिवाळीनंतर सांगितलं. रोज सकाळी ती जिभेवर मीठ ठेवून पाहत होती, कधी मिरचीचं बी. "झोंबते नुसतं, भाऊ. चव नाय." कण्यांतली ओल हातालाही कळते, एवढंच मी सांगू शकलो. खवटपणा जिभेशिवाय ओळखायचा उपाय माझ्याकडंही नव्हता.

पलीकडं मैनेचं जातं सुरू झालं. पंचफुलानं तिकडं कान लावला.

"डाक्टर म्हनते, चव येईन वापस," ती म्हणाली. "पन भाऊ, चव आली, तं मैना येईन काय?"