बाबांच्या व्हिडिओतली घरघर

लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग मी डोंबिवलीच्या घरी बसून करते. त्यामुळे बाबा गेले तेव्हा दादाने मला आठवणीने एकच काम सांगितलं. ठाण्याला त्याच्या सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली होती आणि तिथे बाबांचा एक व्हिडिओ दाखवायचा होता.

"त्यात मागे कसली घरघर आहे गं? तेवढी काढ," तो म्हणाला.

ती ऑक्सिजन मशीनची घरघर होती. सात महिने ते मशीन माझ्या घरी बाबांच्या पलंगाशेजारी चालू होतं. दादाला आवाज ओळखू आला नाही, कारण तेवढ्या काळात तो तीनदा आला आणि तिन्ही वेळा बाबांची दारातूनच विचारपूस करून, बाहेर चहा घेऊन गेला.

व्हिडिओ मीच मोबाईलवर काढलेला. बाबा नातवासाठी स्वतःच्या शाळेतली एक गंमत सांगत होते. ते बोलायला लागण्याआधी चारेक सेकंद नुसतं मशीन ऐकू येतं. तेवढा तुकडा निवडून दिला, की काय पुसायचं ते सॉफ्टवेअरला कळतं. पहिल्यांदा जरा जास्तच पुसलं गेलं. बाबा पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखे वाटले. ते रद्द केलं. मग थोडं थोडं करत, पुन्हा पुन्हा ऐकत, दुपारपर्यंत घरघर जवळजवळ गेली.

तेव्हा गोष्ट संपल्यावर बाबा काहीतरी पुटपुटलेले, ते पहिल्यांदा स्पष्ट ऐकू आलं.

"तो आज येणार होता ना?"

मी समोरच बसले होते, पण मशीनच्या आवाजात मला ते कळलंच नव्हतं. "मस्त झालं, बाबा," एवढं म्हणून मी मोबाईल बंद केलेला.

फाईल पाठवल्यावर दहा मिनिटांत दादाचा फोन आला.

"आवाज छान झालाय. फक्त शेवटचं वाक्य काढ."

"ते तुझ्याबद्दल विचारत होते, दादा."

"कळलं मला. माझ्या ऑफिसचे लोक येणारेत. काढ ते."

मी भांडायला हवं होतं. मी काढलं. एका कटचं काम.

सभेत आत्या डोळे पुसत म्हणाली, "किती खणखणीत आवाज. आजारी वाटतच नाही गं." दादाने माईक घेऊन सांगितलं, बाबांची सेवा करायचं भाग्य आम्हा भावंडांना लाभलं. वहिनीने मान हलवली. मी लॅपटॉपपाशी उभी होते, तिथेच राहिले.

दादाशी मी आता कामापुरतं बोलते. त्याचा राग येतो, पण त्याने नुसतं सांगितलं होतं. बाबांचा प्रश्न पुसला तो मी. न कापलेली फाईल माझ्याकडे आहे. आत्याला पाठवावी असं कितीदा मनात येतं. अजून पाठवलेली नाही.