चढताना पुस्तक नको

डोंगरावर जायच्या दिवशी फूंग आंटी नशीब उघडावं म्हणून लाल चड्डी घालते. हे तिनेच मला बसच्या रांगेत, चारचौघांत सांगितलं आणि वर विचारलं, तू घातलीस का. मी घातली होती. पण अठ्ठावन्नाव्या वर्षी असल्या गोष्टी रांगेत कबूल करायच्या नसतात, म्हणून मी ढगांकडे बघत बसले.

क्वालालंपूरहून महिन्यातल्या एका बुधवारी आमची बस वर जाते. वर म्हणजे पार ढगांत, जिथे जुगाराचं भलंमोठं हॉटेल आहे. तिथे मुक्काम करणारे वेगळे. आम्ही सकाळी चढतो, संध्याकाळी उतरतो. जाणं-येणं आणि दुपारच्या जेवणाचं कूपन धरून जे तिकीट पडतं, तेवढ्यात पुडूच्या बाजारात धड मासासुद्धा येत नाही, असं आंटी म्हणते. बाकी सगळं घरून न्यायचं: वाफवलेले पाव, सोललेली पपनसं, चहाचा थर्मास आणि वर्षभर कपाटात पडून असलेला स्वेटर. खेळायचे पैसे रुमालाच्या गाठीत. गाठ रिकामी झाली की खेळ संपला.

नवऱ्याच्या नोकरीपायी मी इथे आले. नवरा गेला, मी राहिले. आंटी माझ्या खालच्या मजल्यावर राहते आणि बाजारात लोकांच्या पँटी आखूड करून देते. बसची मात्र ती मुकादम आहे. कोणी कुठे बसायचं ते ती ठरवते. खेळणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवायचा नाही, किती गेले ते विचारायचं नाही आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे बसमध्ये पुस्तक आणायचं नाही. इथल्या चिनी बोलीत पुस्तकाला म्हणतात श्यू आणि हरण्यालाही श्यूच. आपल्याकडे श्यू म्हटलं की पोराला मोरीत न्यायचं, इथे श्यू म्हटलं की बायका 'छोय छोय' करून अपशकुन झटकतात.

आता एक गुपित सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आंटीला वाचता येत नाही. भावांना शाळेत घातलं, हिला शिलाई मशीनवर बसवलं. मला हे उशिरा कळलं, कारण चिनी लिपीच्या बाबतीत मीही अक्षरशत्रूच. वरच्या जेवणाच्या हॉलमध्ये आम्ही दोघी चित्रांकडे बोट दाखवून जेवण मागवायचो. मला वाटायचं, ती माझ्यासाठी तसं करते. चित्राशेजारी काय लिहिलंय असं मी विचारलं की म्हणायची, काही खास नाही. दर वेळी काहीच कसं खास नसतं, असा विचार करता करता एकदा डोक्यात प्रकाश पडला. तिने माझं तोंड बघितलं आणि हळूच म्हणाली, "मुई, कुठे बोललीस तर तुझ्या पँटचा एकच पाय आखूड करीन." मुई म्हणजे पोरी. मी कुठे बोलले नाही. बाकीच्या सगळ्या शाळा शिकलेल्या, त्यांना कळलं तर आपल्याला कोण विचारणार, ही तिला धास्ती होती. श्यूच्या नावाने सगळ्यांचीच पुस्तकं बंद केली की हिची झाकली मूठ सव्वा लाखाची.

तर त्या बुधवारी एक नवा गडी बसमध्ये चढला. याप मास्तर, निवृत्त शाळामास्तर, आणि काखेत उशीएवढं जाड पुस्तक. आंटी वाटेत आडवी उभी राहिली. हे काय आहे म्हणून तिने विचारलं, तर मास्तरांनी सरळ 'श्यू' म्हणून सांगितलं. सगळी बस छोय छोय करायला लागली. मास्तर म्हणाले, मी खेळायला येत नाही, वर थंडीत निवांत वाचत बसावं म्हणून आलोय.

"तुम्ही नका खेळू, पण आम्ही खेळणार आहोत ना," आंटी म्हणाली. "एका बसला एकच नशीब असतं."

पुस्तक पिशवीत गुंडाळून खाली डिकीत गेलं आणि मास्तर कोणी शेजारी घेईना म्हणून आमच्या मागच्या बाकावर गेले. आंटी घाटभर पुटपुटत होती.

त्या दिवशी सगळ्याच हरल्या आणि बिल अर्थातच मास्तरांच्या नावावर फाटलं. आंटीची गाठ तर जेवणाआधीच सुटली. आम्ही हॉलमध्ये चित्रांकडे बोटं दाखवून ताटं घेतली. मास्तरांचं कूपन पुस्तकासकट डिकीत राहिलं होतं, ते पलीकडच्या टेबलावर रिकाम्या हाताने बसून आमच्या बोटांकडे बघत होते. आंटीने थोडा वेळ दुर्लक्ष केलं, मग एक पाव माझ्या हातात दिला आणि म्हणाली, नेऊन दे त्याला, उपाशी माणसावर धड रागावताही येत नाही.

उतरताना बसमध्ये गाणी असतात. पुढे टीव्हीवर शब्द येतात आणि माईक हातोहात फिरतो. आंटीचं एक ठरलेलं गाणं आहे. रेडिओवर ऐकून पाठ केलेलं. दुसरं माझ्या गळ्याला मानवत नाही, असं ती सांगते, आणि ते एक ती इतकं गोड म्हणते की कोणी हट्ट करत नाही. पण त्या दिवशी ड्रायव्हर शमसुलने नवी डिस्क आणली होती. जुनीवर ओरखडे पडले होते. माईक आंटीकडे आला, तिचं गाणं काही सापडेना, आणि पुढच्या रांगेतल्या कोंग आंटीने, जिला हिची मुकादमी कायम सलते, भलतंच एक लावून दिलं. म्हण ना, चाल तर माहीत आहे, शब्द समोर आहेत, असा आग्रह सुरू झाला.

चाल तिला माहीत होती. आंटी पडद्याऐवजी खिडकीबाहेर बघत होती. मला चिनी वाचता येत असतं तर, असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

तेवढ्यात मागच्या बाकावरून हलका आवाज आला. मास्तर पुढे वाकून पडद्यावरची ओळ तिच्या कानाशी वाचत होते. आंटीने मान वळवली नाही. क्षणभर थांबली आणि ती ओळ गाऊन टाकली. मग पुढची. मास्तर सांगायचे, ती म्हणायची, गाणं एक पाऊल मागून चालत होतं, पण चालत होतं.

कोंग आंटीने वळून पाहिलं. "काय गं, आज ठेका चुकतोय तुझा. मागे पडतेस."

आंटी गायची थांबली. संगीत एकटंच पुढे गेलं. मग ती माईकमध्येच बोलली, म्हणजे सगळ्या बसला ऐकू गेलं.

"मला वाचता येत नाही. मास्तर वाचतायत, मी म्हणतेय. सत्तर वर्षं मागे आहे मी, एका ठेक्याचं काय घेऊन बसलीस?"

मला रडू आलं, ते मी स्वेटरच्या बाहीला पुसलं. आणि कोंग आंटी, जिच्याकडून मी टोमण्याचीच अपेक्षा केली होती, ती म्हणाली, "मग जरा मोठ्याने वाचा की मास्तर. चष्मा घरी राहिलाय, मला तरी कुठे दिसतंय?"

मास्तरांनी घसा खाकरला आणि वर्गात वाचतात तसं वाचायला लागले. घाट संपेपर्यंत सगळी बस एक ठेका मागून गात होती.

पुढच्या महिन्यात चढताना पुस्तक पुन्हा डिकीत गेलं. नियम म्हणजे नियम. परत निघताना मात्र आंटीने स्वतः शमसुलला डिकी उघडायला लावली.

"आता हरून झालंय," ती म्हणाली. "आता श्यूला कोण भितं?"

तिने मास्तरांना शेजारी बसवलं आणि मला मागे हाकललं. मास्तरांनी सुरुवात पुस्तक या शब्दापासून करू म्हटलं. ती म्हणाली, तो अजिबात नको, डोंगर शिकवा. मास्तरांनी काचेवर फुंकर मारून बोटाने काढून दाखवला: मध्ये एक उभी रेघ, दोन्ही बाजूंना दोन, खाली एक आडवी. आंटीने शेजारी तसाच काढला, पुसला, पुन्हा काढला. मीही मागे माझ्या काचेवर एक डोंगर काढला.

ती वळली, वाकून माझी काच बघितली आणि म्हणाली, "मुई, मधली रेघ उंच पाहिजे. तुझा डोंगर बसलाय."

एकच अक्षर येत होतं बाईंना, आणि माझ्या चुका काढायला लागल्या.