हो, ग्रहणात मी काकडी कापली होती

मैत्रिणींनो, आज पोलादपूरला माझ्या लेकीचं बारसं झालं. तिच्या तोंडातली टाळू मधोमध दुभंगलेली आहे, त्यामुळे पाजलेलं दूध नाकातून येतं.

सासूबाई कुजबुजल्या, "आत जाऊन पाज गो, लोकं बघतायत."

मी मुद्दाम पाळण्याशेजारीच बसले. लेकीला उभं धरून चमच्याने दूध पाजलं.

चुलतसासूने सगळ्यांसमोर विचारलं, "ग्रहणात विळीवर बसली व्हतीस ना?"

"हो काकी, काकडी कापली. भूक लागली होती. पण तेव्हा मला आठवा महिना होता, आणि टाळू जुळायची ती तिसऱ्या महिन्यातच जुळते."

मी पुढचा चमचा भरला.

लेकीची टाळू डॉक्टर शिवतील. पण बारशाला येऊन बाळाच्या नावाआधी आईची चूक विचारणाऱ्या तोंडांचं काय करायचं, सांगा.