की-बोर्डला हात लावणारी बाई

ऐंशीच्या दशकात खालापूर तालुक्यातल्या आमच्या कारखान्यात कॉम्प्युटर आला, तेव्हा त्याच्यासाठी खास एसी बसवला. आम्ही माणसं इतकी वर्षं पत्र्याखाली उकडून निघत होतो, त्याची कुणाला फिकीर नव्हती. मी तिथे टायपिस्ट. कर्जतहून एसटीने यायची. पहिल्याच दिवशी शिपायाने दारात अडवलं, "बाई, चपला भाईर काढा. आत धूळ चालत नाय, सायेबांनी सांगितलंय." साहेब स्वतः आत बूट घालून उभे होते.

हे साहेब मुंबईला जाऊन कॉम्प्युटर शिकून आलेले. पण की-बोर्डला त्यांनी कधी बोट लावलं नाही. टायपिंग म्हणजे बायकांचं आणि कारकुनांचं काम! माझ्या खुर्चीमागे उभे राहून ते सांगायचे, "हं, आता एंटर दाबा." तो मी कधीच दाबलेला असायचा. अक्षरं टाइपरायटरच्याच जागी होती, उरलेल्या कळा बघता बघता हाताखाली आल्या. ऑपरेटरची जागा निघणार होती आणि ती मला हवी होती, अगदी मनापासून. साहेबांनी ती भाच्यासाठी राखून ठेवलेली. हा भाचा की-बोर्ड पाहून म्हणाला होता, "अक्षरं क्रमाने का नाही लावली?" विद्वानच!

खंडेनवमीला कारखान्यातल्या यंत्रांची पूजा व्हायची. लेथला, ट्रकला, वजनकाट्याला हार चढायचे. कॉम्प्युटरची पूजा अर्थातच साहेबांकडे. त्या दिवशी त्यांनी की-बोर्डला हात लावला. हळद वाहिली, कुंकू वाहिलं आणि मग लग्नात टाकतात तशा मूठभर अक्षता टाकल्या.

"साहेब, आत जातील," मी म्हटलं.

"सणासुदीला अपशकुनी बोलू नका," ते म्हणाले.

दसऱ्याची सुट्टी संपवून मी कामाला बसले, तर निम्म्या कळा खाली जाईनात. मालाचा अहवाल दुपारपर्यंत हेड ऑफिसला पोचायला हवा होता. साहेबांच्या वरचे मॅनेजर धावत आले आणि साहेबांच्या उलट्या बोंबा सुरू झाल्या. "या बाई कळा बडवतात. दुसऱ्या कुणाचा हातच लागत नाही त्याला. सगळं काम याच करतात, कुणालाही विचारा!"

जागा तर गेलीच, आता नोकरीही जाते की काय, असं वाटलं. मग रागच आला. मी की-बोर्ड टेबलावर उलटा धरून थापटला. लाल तांदूळ आणि झेंडूच्या पाकळ्या मॅनेजरांसमोर पडल्या. कळा मोकळ्या झाल्या.

"सगळं काम मीच करते हे साहेबच म्हणाले," मी म्हटलं. "मग ऑपरेटरची जागा भाच्याला कशी?"

"टायपिंग करणं म्हणजे कॉम्प्युटर चालवणं नव्हे!" साहेब गरजले.

"मग तुम्ही चालवा," मॅनेजर म्हणाले. "अहवाल काढा."

साहेब बसले. एक बोट पुढे करून शोधू लागले, तर कारखान्याच्या नावातलं पहिलं अक्षरच सापडेना. बोट हवेत फिरत राहिलं. मला त्यांची कीव आली नाही, आजही येत नाही.

मॅनेजरांनी घड्याळाकडे पाहिलं. "बाई, तुम्ही बसा. जागेचं मी नंतर बघतो."

मी जागची हलले नाही.

"आधी जागेचं बघा," मी म्हटलं, "मग बसते."