माझ्या मापाचा थैला

बाबांकडे बंदूक होती, ती पिकाच्या राखणीसाठी. बोरी अरबजवळचं आमचं वावर नाल्याला लागून होतं आणि ज्वारी निसवून कणसं दिसली की रानडुकरं हक्कानं उतरायची. बाबांसोबत पाणी, काडतुसं, भाकर घेऊन मोठा भाऊ जायचा. तो अमरावतीला कॉलेजात गेला आणि बाबा एकटे पडले. मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते, म्हणजे स्थळाची वाट पाहत होते.

"मी येते," एका संध्याकाळी मी म्हटलं.

बाबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "येशील त ये. पण आपलं ओझं आपण वाह्यचं. अन् दोन्ही हात मोकळे पाह्यजेत. हातात पिशवी घेऊन कोणी शिकारीले येत नाही."

आईनं कपाळावर हात मारला. "लोकाच्या पोरी विणकाम शिकून राह्यल्या, अन् हे डुकराच्या मांगं!" तरी दोन दिवसांनी तिनंच मला पिशवी शिवून दिली. जुन्या गादीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या खोळीची, वर मण्यांचा पोपट.

"आई, ही हातात धरायची आहे."

"मंग खांद्याले अडकव."

मी अडकवली. अंगणात दोन येरझाऱ्या घातल्या; पिशवी चारदा कोपरापर्यंत घसरली. आई म्हणाली, "चालतंच तू तशी. थैलीचा काय दोष?" मी पिशवी खुंटीला लावली. त्यानंतर दोन दिवस आम्ही दोघी एकमेकींशी फक्त मिठामिरचीपुरतं बोललो.

मग बाबा मला बसनं दिग्रसला घेऊन गेले. कापसाच्या बाजारामागच्या गल्लीत एक मुसलमान व्यापारी पलटणीतला टाकाऊ माल विकायचा. ताडपत्र्या, बूट, कंदील, पाण्याचे चंबू.

"कोणासाठी पाह्यजे, काका?" त्यानं विचारलं.

"हिच्यासाठी," बाबा म्हणाले.

माझ्याकडे न पाहताच त्यानं फळीवरून एक लाल पर्स काढली.

"शिकारीसाठी पाहिजे," मी म्हटलं. "पाठीवरचा थैला."

"अच्छा अच्छा." तो बाबांकडे वळला. "लडका केवढा आहे तुमचा?"

मी दात आवळले. बाबांनी पुन्हा समजावलं. त्यानं आतून एक खाकी धूड आणलं. त्यात मी स्वतः बसू शकले असते. दोघांनी ते माझ्या पाठीवर चढवलं. एकानं एका बाजूचा पट्टा ओढला, दुसऱ्यानं दुसऱ्या बाजूचा, आणि माझ्या डोक्यावरून त्यांच्या गप्पा सुरू झाल्या. कापड किती टिकाऊ, शिवण किती पक्की, फौजेतले जवान यात काय काय भरतात. बाजारात बैल पाहायला आलेली माणसं बैलाला काही विचारत नाहीत, तसं चाललं होतं. थैल्याचं बूड माझ्या कमरेच्या खाली लोंबत होतं.

"मोठा होते, बाबा."

"जिंदगीभर पुरन. अन् तू वाढशील न अजून."

मी एकोणीस वर्षांची होते! आता किती वाढणार होते? मी मुद्दाम चार पावलं जोरात चालून दाखवली. पितळी कड्या टाळांसारख्या वाजल्या.

"ऐका. डुकरं हे ऐकून दारव्ह्याले पोचतील."

तरी बाबा पट्टा सोडेनात. तेवढ्यात दुकानदाराच्या गादीमागे खिळ्याला लटकलेला एक लहान थैला मला दिसला. तसंच जाड कापड, दोन रुंद पट्टे, कड्यांऐवजी कापडी बंद.

"तो दाखवा."

"तो विकायचा नाही, बेटी. माझा आहे. त्यात माझा डबा असते."

पहिल्यांदाच तो माझ्याशी बोलला होता. मग मीही ऐकेना. मी गादीच्या कडेला बसले आणि म्हटलं, "बाबा, तुम्हाला हे धूड आवडलं ना? तुम्ही घ्या. मी तो घेते, नाहीतर शिकारीलाच येत नाही."

"काहून उगाच जिद्द करून राह्यली वं?" बाबा चिडले. दुकानदार त्यांना समजवायला गेला, बाबा त्याच्यावरच उखडले. दारात माणसं थांबायला लागली. शेवटी वैतागून त्यानं डबा काढून बाजूला ठेवला आणि थैला माझ्या मांडीवर टाकला. "लेके जाव, लेकिन दुकान खाली करो!"

पाठीवर चढवला तर जणू माप घेऊन शिवलेला. परतीच्या बसमध्ये बाबा खिडकीबाहेर बघत बसले. मी आनंदात होते.

शिकारीच्या दिवशी पहाटे आम्ही निघालो तेव्हा गावातलं एक कुत्रं मागे लागलं. हाकललं, परत आलं. ढेकूळ मारलं, परत आलं. वावराच्या बांधावर आल्यावर बाबांनी थैल्याला नाक लावलं आणि डोळे मिटून घेतले. वर्षानुवर्षांच्या डब्यांतल्या मटणाच्या रश्श्याचा वास त्या कापडात भिनला होता.

"धुतला नव्हता?"

"धुतला होता, बाबा. दोनदा."

ज्वारीत खसफस झाली. बाबांनी बंदूक उचलली आणि कुत्र्यानं घसा फोडून भुंकायला सुरुवात केली. डुकरांचा अख्खा कळप नाल्यात उतरून गेला. बाबा कुत्र्यावर ओरडले, मग माझ्यावर, मग दिग्रसच्या दुकानदारावर. मी थैल्यातून भाकर आणि ठेचा काढला. बाबांनी फणफणतच खाल्लं. कुत्र्यालाही अर्धी दिली, आणि त्यावरून मला हसू आलं म्हणून पुन्हा चिडले.

पुढं तो थैला मी राखेनं, रिठ्यानं, शेवटी कडुनिंबाच्या पाल्यात उकळून धुतला. त्या हंगामात बाबांनी दोन डुकरं मारली. दोन्ही वेळा काडतुसं मी काढून दिली.

दिवाळीनंतर नेरहून पाहुणे मला बघायला आले. मुलाच्या मामांनी भिंतीवरच्या थैल्याकडे बोट केलं. "हा कोणाचा?"

"पोराचा," आई घाईनं म्हणाली.

"माझा," मी म्हटलं. "मी बाबांसोबत शिकारीला जाते."

पाहुण्यांनी चहा संपवला. निरोप पाठवतो म्हणाले, तो काही आला नाही. आठवडाभर आई भांडी आपटत होती. बाबांनी एकदाच विषय काढला. "तुले कायले सांगा लागत होतं?"

"आईनं कायले खोटं सांगितलं?"

बाबा उठले, बंदुकीची नळी पुसायला बसले आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तेलाची शिशी आण."