माचीवरचं थांबणं

आमच्या घरातून पावागडला जायचं म्हणजे बाबांनी चढायचं, आईने काळजी करायची आणि मी गाडी चालवायची. महिन्यातला एक रविवार असाच जातो. बडोद्यातल्या गोत्रीहून सकाळी सहाला निघायचं, चांपानेरला पायथ्याशी बाबांना उतरवायचं. ते जुन्या दगडी वाटेने, जंगलातून, किल्ल्याचे पडके दरवाजे ओलांडत माचीपर्यंत येणार. आई आणि मी घाटरस्त्याने आधीच तिथे जाऊन बसणार. माची म्हणजे डोंगराच्या अर्ध्यावरची सपाटी. चहाच्या टपऱ्या, नारळ-चुंदडीची दुकानं, माकडं, आणि पुढे देवीला जाणाऱ्यांची गर्दी. आम्ही तिथे डबा खातो आणि परत येतो.

आईचं नाव सुहासिनी. माहेर मिरजेचं. चाळीस वर्षांपूर्वी लग्न होऊन बडोद्यातल्या रावपुऱ्यात आली आणि तेव्हापासून काळजीत तिने एका दिवसाचाही खाडा केलेला नाही. बाबा नंदेसरीला केमिकल फॅक्टरीत शिफ्टला होते. वारा तिकडून आला की आई गॅलरीत जाऊन नाक वर करून उभी राहायची. कसला वास येतोय, कुठून येतोय, ह्यांची बस किती वाजता आहे. मी शाळेत असताना मला त्याची लाज वाटायची, पुढे राग यायला लागला. मन चिंती ते वैरी न चिंती, हे आईला बघितल्याशिवाय कळत नाही.

दुसरी गोष्ट तिचं गुजराती. मराठी वाक्याला शेवटी 'छे' लावला की झालं, असा तिचा ठाम समज. "भाई, पालक ताजा नाही छे," असं ती भाजीवाल्याला ठणकावते आणि तो बिचारा "हा, मा-जी" म्हणून दुसरी जुडी काढतो. मी इथेच वाढले, माझं पूर्वी हे नावसुद्धा गुजराती आणि निम्मं बोलणंही गुजरातीत. त्यामुळे सोसायटीच्या मीटिंगपासून डॉक्टरपर्यंत सगळीकडे मी आईची दुभाषी. "काय म्हणाली गं ती?" हे मी आयुष्यात किती वेळा ऐकलं असेल, सांगता येणार नाही.

बाबांची, म्हणजे जयसिंगरावांची, तऱ्हा वेगळी. पणजोबा बडोदा संस्थानच्या फौजेत होते, हे ते रिक्षावाल्यालाही सांगतात. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. दोन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसला. डॉक्टर म्हणाले, चाला, पण सपाटीवर. बाबांनी त्यातलं 'चाला' तेवढं ऐकलं. "गड आपला आहे," म्हणतात. मी एकदा विचारलं, आपला कधी झाला? दोन दिवस बोलले नाहीत.

त्या रविवारी त्यांना सातला उतरवलं. पांढरी टोपी, हातात काठी, पाठीला पाण्याची बाटली. साडेआठपर्यंत ते माचीवर पोचतात. नऊ वाजले. आईने डब्याचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. साडेनऊला मी फोन लावला, लागला नाही. त्या वाटेवर मधे रेंज नसते, हे मला ठाऊक होतं. तरी मी पुन्हा पुन्हा लावत राहिले.

"माकडं बघत बसले असतील," मी म्हणाले.

"हे? माकडं?" आई म्हणाली. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली होती.

दहा वाजले. जंगलाच्या वाटेने वर येणारे लोक दिसायचे. टोळक्याने हसत येणारी कॉलेजची पोरं, घामाघूम झालेली जोडपी. त्यात पांढरी टोपी दिसत नव्हती. आई प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे बघायची आणि मी आईकडे. मला तिचा राग येत होता, कारण तिच्या डोक्यात जे चाललं होतं तेच माझ्या डोक्यात चाललं होतं.

आम्ही चहाच्या टपरीशी उभ्या होतो. खालून एक तरुण चढून आला, धापा टाकत. आमच्याकडे त्याचं लक्षही नव्हतं. टपरीवाल्याला म्हणाला, "नीचे दरवाजा पासे एक काका पाछा थया. माणसो भेगा थया छे. सफेद टोपी हती, बाजुमां लाकडी पडेली."

ज्यांना गुजराती येत नाही त्यांच्यासाठी सांगते. खाली दरवाजाजवळ माणसं जमलीत, पांढरी टोपी होती, बाजूला काठी पडलेली, असं तो म्हणाला. पाछा म्हणजे मागे, परत. पण वयस्कर माणूस 'पाछा थया' म्हणजे परत फिरले नव्हे. गेले. वारले. मोठ्या माणसाबद्दल 'मेले' म्हणायचं नाही म्हणून असं म्हणतात.

माझ्या हातातला चहाचा कप कधी सुटला ते कळलं नाही. पायावर चहा पडला, तोही नंतर कळला.

आणि माझ्या शेजारी आई हसली.

"ऐकलंस ना? परत फिरले! मी म्हटलंच होतं, आज झेपायचं नाही. दमले आणि उतरले मागे. आणि आपण इथे जीव टांगणीला लावून बसलोय." तिने माझा खांदा ढकलला. "तू असं कर, त्याच वाटेने खाली उतर आणि गाठ त्यांना. पळ. मी डबे आवरते."

देवा, हिला कळलं नाही. मला एवढंच सुचलं. जन्मभर जिच्या गुजरातीची टिंगल केली, तिच्या त्या न येण्याचे मी त्या क्षणी पाय धरले असते. "हो, आलेच," म्हणाले. तिच्या तोंडाकडे बघितलं नाही आणि धावत सुटले.

ती वाट चढायला जेवढी वाईट त्याहून उतरायला वाईट. दगड झिजून गुळगुळीत झालेत, वर सागाची वाळलेली पानं. दोनदा घसरले, तळहात सोलला. डोक्यात भलभलतं येत होतं. गाडी खाली कुणी आणायची. नातेवाइकांना फोन कुणी करायचा. आईला कुठल्या शब्दांत सांगायचं, आणि ते मराठीत सांगायचं म्हणजे शब्दाच्या आड लपायलाही जागा नाही. बाबांना मी शेवटचं काय बोलले ते आठवत होते. "काठी विसरू नका, नंतर बोंब मारता," असं काहीतरी.

दरवाजाजवळ दहा-बारा माणसं गोल करून उभी होती. मधे पायरीवर कुणीतरी आडवं, तोंडावर पांढरी टोपी. बाबांची टोपी. आतल्या कडेला आईने लाल दोऱ्याने 'ज' काढलेला. मी "बाबा" म्हणून ओरडले.

"काय गं?" बाबा म्हणाले.

ते त्याच पायरीवर बसले होते. त्या माणसाचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. मी आडव्या माणसाकडेच बघत आले होते, बसलेल्याकडे बघितलंच नव्हतं.

"माझ्या पुढे चालत होते," बाबा हळू आवाजात म्हणाले. "खाली बसले, पाणी मागितलं. दोन घोट घेतले आणि संपलं. इथल्याच हालोलचे आहेत म्हणे. एकाने खाली रेंजमध्ये जाऊन फोन केला, मुलगा निघालाय. तो येईपर्यंत ह्यांना असं दगडावर कसं टाकू? उन्ह तोंडावर येत होतं म्हणून टोपी ठेवली." मग म्हणाले, "आईला काय सांगितलंस?"

मी त्यांच्या गुडघ्याला धरून रडले. लोकांना वाटलं, मीच गेलेल्याची मुलगी. एका बाईने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

बाबा उठायला तयार नव्हते. मुलगा आल्यावर येतो म्हणाले. मी एकटीच वर निघाले, जमेल तेवढ्या घाईने. वर जाऊन आईला काय सांगायचं ते ठरवलं होतं. बाबा वाटेत भेटले, एका माणसाला बरं नव्हतं, त्याला मदत करतायत. बाकीचं घरी गेल्यावर.

आई टपरीशेजारच्या बाकावर बसली होती. डबे होते तसेच पडलेले, एकाचं झाकण काढून माकडाने आत हात घातलेला, पोळ्या खाली पडलेल्या. तिने माकड हाकललंही नव्हतं. वाटेकडे पाठ करून बसली होती.

"आई, बाबा बरे आहेत," मी लांबूनच ओरडले.

ती वळली नाही. "पूर्वी, खरं सांग. पाछा थया ते हे नव्हेत ना?"

मी तिच्या समोर जाऊन उभी राहिले. "नाही गं. दुसरे होते. बाबा त्यांच्याजवळ बसलेत. शपथ." मग म्हणाले, "तुला कळलं होतं?"

"चाळीस वर्षं झाली मला बडोद्यात. शेजारपाजारची किती माणसं पाछा थया, त्यांच्या घरी पहिली खिचडी मीच नेली. हे कळायला तू कशाला हवीस?"

"मग हसलीस का तशी?"

"मी तिथे बसकण मारली असती, तर तू मला धरून बसली असतीस," आई म्हणाली. "ह्यांच्याकडे धावलं कोण असतं?"

मग तिने माझ्या दंडाला धरून उठायचा प्रयत्न केला आणि पुन्हा बाकावर बसली. मी धावत गेल्यापासून तिला जागचं हलता आलं नव्हतं.