तुलारामच्या पायातली रोवणी

जिल्ह्याचे दोन तुकडे झाले, गोंदिया वेगळं निघालं, पण अड्याळच्या तुलारामला काही दुखलं नाही. त्यात नवल ते काय? पुढं पंधरा वर्षांनी त्याच्या डाव्या तळव्यात बाभळीचा काटा आठ दिवस रुतून बसला, तेही त्याला दुखलं नाही. शुगरनं पाय बधिर झाला होता आणि गडी अभिमानानं सांगे, की आपला पाय आता पोलादाचा झाला. या पोलादाला आधी रुपयाएवढी जखम पडली, मग वाटीएवढी.

गावात सल्ल्यांचा दुष्काळ कधीच नव्हता. कुणी हळद भरली, कुणी पाला बांधला, पवनीच्या एका जाणकारानं तर फोनवरूनच जखम तपासली. चार महिने असे थोर उपचार झाल्यावर जखम हाडाला जाऊन भेटली. तेव्हा पोरानं, भूपेंद्रनं, बापाला नागपूरला नेलं. तिथल्या पहिल्या डॉक्टरनं थेट गुडघ्याखाली पाय कापायचं सांगितलं.

दुसऱ्या एका डॉक्टरबाईंनी मात्र पायातला रक्तपुरवठा तपासला आणि एक वाट दाखवली. कमरेच्या हाडातला मगज काढायचा, त्यातल्या स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी, वेगळ्या करायच्या आणि जखमेभोवती टोचायच्या. अजून अभ्यास चालू आहे, खात्री देत नाही, असंही बाईंनी बजावलं.

तुलारामला हसूच फुटलं. एवढी शिकलेली बाई एवढं जड नाव घेऊन सांगत होती ते काय, तर धानाची रोवणी! कमरेत रोपांचे पऱ्हे टाकलेले, पायात चिखलाची बांधी तयार. इथून उपटायचे, तिथं लावायचे. हे तर तो चड्डी घालायला लागला तेव्हापासून करत होता. त्यामुळे पट्टी कोरडी ठेवा, पायावर भार देऊ नका, शुगर सांभाळा, हे बाईंचं पुढचं बोलणं त्यानं गुरुजी पोराचा पाढा ऐकतात तसं मान डोलावत ऐकलं.

पेशी टोचून झाल्या. घरी आल्यावर खाटेवरून त्यानं साऱ्या आळीला स्टेम सेल शिकवले. तिसऱ्या दिवशी मात्र त्याला घोर लागला. रोवणी झाली, पण पाणी कुठं आहे? कोरड्या बांधीत पऱ्हे पिवळे पडतात, हे शहरातल्या बाईला कोण सांगणार? मग चंद्रभागाबाई, म्हणजे त्याची बायको, दुसऱ्याच्या बांधीत रोवणीला गेली, की हा गोठ्यामागं घमेल्यात पाणी भरून पट्टीसकट पाय त्यात बुडवून बसे. सलग चार दिवस. पाचव्या दिवशी चंद्रभागाबाई लवकर परतली आणि कुजक्या पट्टीच्या वासावरच गोठ्यामागं पोचली.

"हे काय करून राहिले जी?"

"पाणी देऊन राहिलो. रोवल्यावर बांधी कोरडी ठेवते का कोणी?"

तिनं घमेलं लाथेनं उडवलं. "पाय गेला त कुबडी घेऊन जा चिखलात. मी नाही येत धराले."

पुन्हा नागपूर. डॉक्टरबाईंनी पाण्याचं सगळं शास्त्र शांतपणे ऐकून घेतलं आणि सडलेली दोन बोटं काढली. तुलारामच्या ज्ञानाच्या मानानं स्वस्तातच सुटलं म्हणायचं. पाय राहील की जाईल, हे दोन महिन्यांत कळेल, असं त्या म्हणाल्या. चंद्रभागाबाईनं रोवणी सोडली आणि खाटेशी ठाण मांडलं. पाण्याचा गिलास ती स्वतः हातात देई आणि शेवटचा घोट घशाखाली उतरेपर्यंत नजर हलवत नसे. भात मोजून, गोळी वेळेवर, पट्टी रोज. हळूहळू जखमेच्या तळाशी लाल मांस दिसू लागलं आणि दिवाळीपर्यंत तिचं तोंड मिटलं.

शेवटच्या तपासणीला तुलारामनं ऐटीत विचारलं, "पऱ्हे लागले ना बाई?"

"लागले असतील," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण जखम त्यानं भरली, की पट्टीनं, की शुगर उतरल्यानं, हे एकट्या तुमच्या पायावरून मला सांगता येणार नाही."

तुलारामला त्यांची कीव आली. एवढं शिकून साधं पीक ओळखता येऊ नये! त्यानं त्यांना धीर दिला, मऊ तळव्याचे नवे जोडे चढवले आणि स्वतःच्या दोन्ही पायांनी जिना उतरायला लागला.

चंद्रभागाबाई मात्र मागं थांबली. तो ऐकत नाही हे पाहून तिनं हळूच विचारलं, "बाई, मानसाच्या डोस्क्यात बी असं काही रोवता येते का?"